पाचवी काडेपेटी

आमच्या स्टुडिओत चूक माझी कधीच नसायची. गिऱ्हाईक हललं, लाइट गेली, फिल्म जुनी निघाली, नांदेडच्या लॅबवाल्यानं रंग बिघडवले, अशी कारणं माझ्याजवळ कायम तयार असत. वडिलांकडून मला परभणीच्या स्टेशन रोडवरचा हा स्टुडिओ मिळाला, त्यांचा लाकडी कॅमेरा मिळाला आणि सुलाबाई मिळाल्या. वडिलांचा शांत स्वभाव तेवढा मिळाला नाही. त्यामुळे ही हकिगत सांगताना मी माझी बाजू सावरायला जाणार नाही. सावरण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही.

सुलाबाई आमच्याकडे रिटचिंग करायच्या. खिडकीखाली त्यांचं उतरतं टेबल होतं. टेबलाच्या मधोमध दुधी काच, तिच्याखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून वर यायचा. काचेवर निगेटिव्ह, निगेटिव्हवर भिंग आणि भिंगाला डोळा लावून बसलेल्या सुलाबाई. पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्या सुईसारखं करत आणि देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळजी, कपाळावरच्या आठ्या एकेका बारीक ठिपक्यानं भरून काढत. परभणीतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर जे आजोबा-पणजोबा रुबाबात बसलेले दिसतात, त्यांचा निम्मा रुबाब सुलाबाईंच्या पेन्सिलीतून उतरलेला आहे.

त्या एकाहत्तर साली आल्या, ते खरं तर प्रिंट धुवायला. एकदा धुता धुता वडिलांना म्हणाल्या, "मालक, ह्या माणसाच्या गालावरचा तीळ खरा न्हाई. धूळ हाय." वडिलांनी निगेटिव्ह काढून पाहिली. धूळच होती. त्याच दिवशी त्यांनी सुलाबाईंच्या हातात पेन्सिल दिली. शाळा चौथीपर्यंतची, पण बाईंचं अक्षर असं बारीक आणि रेखीव, की तांदळाच्या दाण्यावर नाव लिहितील.

भीमनगरातून त्या चालत यायच्या, साडेनऊला. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत दलितांची घरं जळत होती, तेव्हा पंधरा दिवस आल्या नाहीत. सोळाव्या दिवशी आल्या आणि अर्धवट राहिलेली निगेटिव्ह काचेवर ठेवली. काय झालं ते मी विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

त्र्याण्णव सालापर्यंत काम बदललं होतं. कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह बोटाएवढ्या झाल्या, त्यांवर पेन्सिल चालेना. मग सुलाबाईंकडे निवडीचं काम आलं. रोल धुऊन आला की आधी त्या भिंगातून बघणार, आणि जो फोटो मोठा करण्याजोगा असेल त्याच्या कडेला लाल खूण करणार. त्यांनी खूण केलेली निगेटिव्ह कधी फसली नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरीही पुढं जे बोललो ते बोललो.

त्या वर्षी पाडव्याला मी नवा कॅमेरा घेतला. आपोआप फोकस करणारा. बटन अर्धं दाबलं की लेन्स झिर्र करून स्वतःच फिरायची, थांबायची, आणि आत डोळ्याजवळ एक हिरवा दिवा लागायचा. हिरवा दिवा लागला की चेहरा स्पष्ट झाला, असं समजायचं आणि फोटो काढायचा. लेन्सही एकच, पण पस्तीसपासून एकशेपाच मिलिमीटरपर्यंत लांबणारी. पस्तीसला अख्खा मांडव मावायचा आणि एकशेपाचला नवरीची नथ जवळ यायची. पाय हलवायला नको, हातानं काही फिरवायला नको. औरंगाबादचे डीलर माणिकराव यांच्याकडून ती जोडी आणली, तेव्हा लेन्सच्या खोक्यावर तपासून पास झाल्याची सोनेरी टिकली होती. मी ती टिकली शेजारच्या घड्याळजी चंद्रभानला दाखवली.

चंद्रभान म्हणाला, "सगळं तेच करायलंय, तर बन्सीशेठ, तुमी लग्नात जाऊन काय करणार? जेवणार?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न बोरीला झालं, किशनरावांच्या मुलीचं. मोठं खटलं, मोठा मांडव. अंतरपाट सरकला, अक्षतांचा पाऊस पडला, हिरवा दिवा लागला आणि मी धडाधड फोटो काढले. पोस्टकार्ड साइजमध्ये सगळे झकास दिसले. पण नवरा-नवरीचा एक फोटो किशनरावांनी भिंतीसाठी मोठा करून मागितला आणि तो हातात आल्यावर दाराच्या उजेडात धरून पाहिला. फार सज्जन गृहस्थ. म्हणाले, "छान हाय. जरा धुकं पडल्यावानी दिसतंय, पर छान हाय."

बोरीत, वैशाखात, भर दुपारी धुकं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दोन दिवसांत मला कारण सापडलं, आणि इतकं सुंदर सापडलं की मी खूश होऊन गेलो. अक्षता! कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढून तांदळाचे दाणे उडत होते. बिचाऱ्या जपानी यंत्राला काय ठाऊक अक्षता म्हणजे काय? त्यानं दाणे धरले आणि नवरी सोडली. हे मी चंद्रभानला सांगितलं, समोरच्या पानवाल्याला सांगितलं, परभणीतल्या दुसऱ्या दोन फोटोग्राफरांनाही बजावलं, की मंगलाष्टकं संपेपर्यंत ऑटोफोकसवर विसंबू नका. त्यांनीही माना डोलावल्या.

सुलाबाईंनी मान डोलावली नाही. त्यांनी भिंग पुढं केलं.

"भाऊ, अक्षदा न्हाईत ह्या. दाने बी पुसटच हायती. नवरीचा कान बघा. कानातल्या वेलाचा मनी न् मनी मोजून घ्या. अन् डोळा बघा, झोपल्यावानी."

"कान चांगला आलाय ना?"

"कान भिंतीवर लावाया कोन फोटो काढतं?"

त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवा कॅमेरा, नवी लेन्स, सोनेरी टिकली, आणि ही बाई पहिल्याच लग्नात खोट काढते! मी म्हणालो, "सुलाबाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. बावीस वर्सं झाली भिंगात बघून. आता डोळे थकले तुमचे. कबूल करा."

त्यांनी निगेटिव्ह पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवलं. बाईंचं सगळं घर त्या डोळ्यांवर चालत होतं. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो जाऊन दहा वर्षं झाली होती. निवड करणाऱ्या बाईची नजर गेली असं मालकच म्हणायला लागला, तर तिला कामावर ठेवायचं कशासाठी, हा प्रश्न त्या वाक्याच्या पोटात होता. मला तो तेव्हा दिसला नाही. त्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेनऊला आल्या.

मेच्या शेवटी पालमला लग्न होतं. तात्याराव गुरुजींच्या मुलाचं. गुरुजी भीमनगरातल्या लोकांचे पाहुणे, नामांतराच्या लाँग मार्चमध्ये तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्या घरच्या लग्नाचं काम मला सुलाबाईंमुळेच मिळालं. पांढऱ्या कपड्यांतली वधू-वरं, मागे टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो, मेणबत्त्या, वंदना, मग एकमेकांना हार घालणं. शिस्तीत, वेळेवर सगळं पार पडलं. मी तीन-चार हातांवरून, एकशेपाचवर, एकामागून एक फोटो घेतले. दर वेळी हिरवा दिवा.

मोठा केलेला फोटो पाहून तात्याराव गुरुजींचे डोळे भरून आले. "बन्सीधरराव, बाबासाहेब काय आलेत हो! कोटाचं बटन सुदिक दिसायलंय!"

मी छाती फुगवून सुलाबाईंकडे पाहिलं. गुरुजी चहा पिऊन गेले. मग सुलाबाई उठल्या, त्यांनी बोरीचा फोटो काढला, पालमचा फोटो काढला आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवले.

"बाबासाहेबांचं बटन दिसायलंय. नवऱ्याच्या मिशा दिसायल्यात का?"

नव्हत्या दिसत. मिशीच्या जागी एक काळसर सावली होती.

"आता सांगा, भाऊ. आमच्या लग्नात अंतरपाट नसतो. अक्षदा नसत्यात. इथं तांदूळ कुनी टाकला?"

गावभर सांगितलेलं माझं सुंदर कारण दोन फोटोंनी संपवलं होतं. तरी मी सहजासहजी शरण जाणाऱ्यातला नाही. म्हणालो, "कॅमेऱ्याचा चौकोन मधी असतो. तो दोघांच्या मधून मागं गेला अन् त्यानं बाबासाहेबांच्या फोटोला धरलं."

"हां, तसं बी होतं," त्या लगेच म्हणाल्या. स्वतःविरुद्धचा मुद्दाही त्या असा उचलून घेत. "पर बोरीची नवरी एकलीच होती. चौकोन तिच्या नाकावरच असंल. मंग कान कामून? मला वाटतंय, जवळून काढलं की लेन्स बोटभर मागं धरती अन् लांबून काढलं की हातभर मागं. पर तुमी म्हनलात, माझे डोळे थकलेत. ते बी खरं असंल. म्हनून दोघांची परीक्षा घेऊ. लेन्सची बी अन् माझी बी."

त्यांनी घेतलेली ती परीक्षा मी आयुष्यभर विसरणार नाही. मी तीस वर्षं फोटो काढतोय, मला ती सुचली नसती.

गिऱ्हाइकांना बसायचा लांब बाक त्यांनी मधे ओढला. नऊ रिकाम्या काडेपेट्या घेतल्या. रोजच्या तारखेचं पान फाडायचं कॅलेंडर असतं, त्यातले एक ते नऊ आकडे कापून एकेका पेटीवर खळीनं चिकटवले. मग पेट्या बाकावर उभ्या केल्या, एकीच्या मागं वीतभर अंतरावर दुसरी, आणि प्रत्येक जरा बाजूला सरकवलेली, म्हणजे कॅमेऱ्यातून नवाच्या नऊ आकडे दिसावेत. पाचवी पेटी मधली.

"चौकोन पाचवर धरा," त्या म्हणाल्या. "पाच सोडून कशावर न्हाई."

कॅमेरा तिपाईवर. फिल्म काळी-पांढरी, म्हणजे नांदेडच्या लॅबचा संबंध नको. पस्तीसला तीन फोटो, सत्तरला तीन, एकशेपाचला तीन. प्रत्येक फोटोआधी त्यांनी मला लेन्सचा फोकस पार बिघडवून घ्यायला लावला, एकदा अगदी जवळ, एकदा अगदी लांब, म्हणजे तिला दर वेळी नव्यानं शोधावं लागेल. शेवटचा फोटो ऑटोफोकस बंद करून, टेपनं पाचव्या पेटीपर्यंतचं अंतर मोजून, हातानं फिरवून. आणि मग चंद्रभानकडची साधी, न लांबणारी लेन्स मागून आणली. त्याच्या मेहुण्याची होती ती. तीच आमच्या कॅमेऱ्यावर चढवून आणखी तीन.

"ही कशाला?"

"दोष कॅमेऱ्याचा असला तर उगी लेन्सला नाव ठेवल्यावानी होईल."

रोल मी स्वतः धुतला. वाळल्यावर सुलाबाईंनी डोक्यावरचा पदर डाव्या बाजूनं पुढं ओढून घेतला. मला वाटलं, खिडकीचा उजेड लागत असेल. एकेक निगेटिव्ह भिंगातून पाहिली, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहिले, चिटोरं घडी करून माझ्या खिशात घातलं आणि म्हणाल्या, "आता चंद्रभानभाऊला बोलवा. त्यांना काईच सांगू नका. कोनता आकडा सगळ्यात ठळक, येवढंच इचारा."

चंद्रभान आपलं घड्याळाचं भिंग डोळ्यात अडकवून बसला. पस्तीसचे फोटो पाहून म्हणाला, "चारपासून सातपर्यंत सगळे सारखेच दिसायलेत." सत्तरला म्हणाला, "सहा. सहा. सहा." एकशेपाचला म्हणाला, "सात. सात. सात." हातानं काढलेला फोटो? "पाच." मेहुण्याच्या लेन्सचे? "पाच, पाच, पाच. काय लावलंय हे? मटका हाय का?"

मी खिशातलं चिटोरं उघडलं. बाईंनी लिहिलं होतं: चार ते सात सारखे. सहा सहा सहा. सात सात सात. पाच. पाच पाच पाच.

माझ्याच्यानं राहवेना. मी उठलो आणि सुलाबाईंच्या पायाशी वाकलो. त्या संकोचून मागं सरकल्या. "काय करायलाव, भाऊ! उठा! पस्तीसला सगळंच बरं दिसतंय, तिथं चूक दडती. म्हनून तुमाला समजलं न्हाई. तुमची काय चूक न्हाई."

माझी चूक नाही, हे त्या स्टुडिओत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी म्हटलं होतं. आणि पहिल्यांदाच ते मला खोटं वाटलं.

माणिकरावांना मी पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं, की माल जपानी आहे, टिकली लावलेली आहे, फोटोग्राफरनं पुस्तिका नीट वाचावी. मी काडेपेट्यांचे फोटो पाठवले. त्यांनी दुसरी लेन्स पाठवली. तिनं पाच बरोबर पकडला. मी टाळी वाजवली. सुलाबाई म्हणाल्या, "थांबा." त्यांनी एक अख्खं वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटवलं आणि त्याचा फोटो काढायला लावला. मधली आणि डावीकडची अक्षरं वाचता येत होती. उजव्या कोपऱ्यात शाई फुटल्यासारखं झालं होतं. ती लेन्सही परत गेली. तिसरीनं एकशेपाचला पाचऐवजी चार धरला.

असं पाच महिने चाललं. शेवटी दिवाळी झाल्यावर माणिकराव स्वतःच एस.टी.नं आले. उंच, पांढरा सफारी, हातात चामडी बॅग, आणि बॅगेत तीन लेन्स. येताना रागातच होते. "कोण आहेत ते तुमचे तज्ज्ञ?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीकडे बोट केलं. सुलाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

माणिकराव दिवसभर बाकाच्या टोकाला बसून होते. तिन्ही लेन्स, तेच नऊ फोटो, तेच वर्तमानपत्र, तेच घडी केलेलं चिटोरं, आणि वाचायला या वेळी स्वतः माणिकराव. संध्याकाळी सुलाबाईंनी प्रत्येक लेन्सच्या गळ्यात दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली. पहिली: "नापास. एकशेपाचला मागं धरते." दुसरी: "नापास. वरची बाजू पुसट." तिसरी: "पास."

माणिकरावांनी तिन्ही खोकी शेजारी ठेवली. तिन्हींवर सोनेरी टिकली होती. तिन्ही एकाच कारखान्यातल्या. मग ते म्हणाले, "बाई, मी पंधरा वर्षं हा धंदा करतोय. मी फक्त टिकली बघत होतो."

सुलाबाईंनी विचारलं, "ती टिकली कोन लावतं, साहेब? मशीन का मानूस?"

"बहुतेक माणूसच. बायका असतात तिकडच्या कारखान्यांत."

"तिला दिवसाला लय लेन्स बघाय लागत असतील," सुलाबाई म्हणाल्या. "मी तिघींला दिवस घालवला. तिला कोन देनार येवढा येळ?"

माझ्या मनात त्या टिकली लावणाऱ्या बाईबद्दल पाच महिने शिव्याच होत्या. सुलाबाईंनी तिला ना पाहिलं ना तिचं नाव ऐकलं, आणि तरी तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. या बाईचं कौतुक मला का वाटतं ते सांगायला लागलो की मी इथंच अडखळतो.

पंधरा दिवसांनी माणिकरावांचं पार्सल आलं. आणखी दोन लेन्स, दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी, तपासून पाठवा म्हणून. पार्सलवर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "श्रीमती सुलाबाई, परभणी" आणि खाली बारीक अक्षरांत माझ्या स्टुडिओचा पत्ता. पोस्टमननं मला विचारलं, "ह्या कोन?" मी म्हणालो, "मालकीन." सुलाबाईंनी पार्सल कापायच्या कात्रीच्या मुठीनं माझ्या हातावर हलकासा फटका मारला.

चौदा जानेवारी चौऱ्याण्णवला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. संक्रांतीचा दिवस. भीमनगरात सकाळपासून ढोल होते, लोक रडत होते, हसत होते, एकमेकांना तिळगूळ आणि पेढे दोन्ही भरवत होते. वस्तीनं ठरवलं, की लाँग मार्चला गेलेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकेकाचा चेहरा रविवारी जवळून काढायचा आणि मोठा करून विहारात लावायचा. सतरा माणसं उरली होती. तात्याराव गुरुजी पालमहून आले. काम मला सांगितलं गेलं आणि आदल्या दिवशी सुलाबाईंनी दम भरला, "गळ्यात चिठ्ठी असलेली लेन्स आना, भाऊ. अन् चिठ्ठी वाचून आना."

सतरा चेहरे. प्रत्येकासमोर मी हिरव्या दिव्याची वाट पाहिली, आणि दिवा लागल्यावरही डोळ्यानं पुन्हा खात्री केली. जन्मात पहिल्यांदा मी फोटो काढताना घाबरलो होतो. ही माणसं पुन्हा सगळी एका जागी मिळणार नव्हती.

सोमवारी रोल वाळला. सुलाबाई टेबलाशी बसल्या, भिंगाला डोळा लावला आणि तेव्हा मला त्यांची मान दिसली. वाकडी. अवघडलेली. त्या उजव्या डोळ्यानं बघत होत्या. बावीस वर्षं बाई डाव्या डोळ्यानं भिंगात बघत आल्या. टेबल, खिडकी, स्टूल, सगळं वडिलांनी डाव्या डोळ्याच्या हिशेबानं मांडलेलं. उजवा लावायचा तर अर्धं अंग पिळावं लागत होतं.

"सुलाबाई, मान कामून वाकडी?"

त्या थांबल्या. पेन्सिलींचा पत्र्याचा डबा उघडून त्यांनी तळातून एक चिठ्ठी काढली. दोरा बांधलेली, तशीच, लेन्सला बांधत तसली. वर तारीख होती मे महिन्यातली. मी त्यांना डोळ्यांवरून बोललो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"डावा: नापास. मधी डाग. उजवा: पास."

"घरी भिंतीवर कॅलेंडर लावून बघितलं," त्या म्हणाल्या. "एक डोळा झाकून, मंग दुसरा. डाव्यानं मधला आकडाच दिसंना. मंग दवाखान्यात गेले. डाक्टर म्हनले, आतला पडदा खराब झालाय, चष्म्यानं भागायचं न्हाई. तुमी म्हनलात ते निम्मं खरं होतं, भाऊ. उरलेल्या निम्म्याची खात्री व्हायची होती, म्हनून काड्यापेट्या मांडल्या. उजव्यानं. पुढं सांगायचं राहून गेलं. खोटं कशाला बोलू, भ्याले. घर ह्याच्यावर हाय." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आता तुमाला कळलंय. काढायचं असंल तर आजच सांगा. परवा आलेलं नवं पार्सल मानिकरावाला वापस लावून देते."

मे ते जानेवारी. आठ महिने ही बाई माझ्यापासून चार हातांवर मान पिळून बसली होती, आणि मी, जो चेहरे बघूनच पोट भरतो, मला ते दिसलं नव्हतं. जो लेन्सला न्याय, तोच स्वतःला लावून, तारीख घालून, त्यांनी दोरा बांधून ठेवला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी ओरडलो.

"चंद्रभान! इकडं ये!"

चंद्रभान डोळ्यात भिंग तसंच ठेवून धावत आला. मी म्हणालो, "ते टेबल धर."

सुलाबाई उठून बाजूला झाल्या. त्यांना वाटलं, टेबल बाहेर काढायला निघालो. पदर तोंडाला लावून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. आम्ही दोघांनी ते जड टेबल उचललं, पूर्ण फिरवलं आणि खिडकीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलं, उजेड उजव्या डोळ्याला येईल असं. बावीस वर्षांच्या जागी फरशीवर चार पायांचे चार काळे ठसे उरले. आरसा पुसला, पुन्हा बसवला, स्टूल उलट्या बाजूला ठेवलं.

"बसा," मी म्हणालो. "भिंगात एकाच डोळ्यानं बघत्यात. अन् माणिकरावाच्या नव्या दोन लेन्स पडल्यात, त्या काय मी तपासू?"

सुलाबाई बसल्या. भिंग उजव्या डोळ्याला लावलं. मान सरळ होती. काचेवर तात्याराव गुरुजींची निगेटिव्ह होती. त्या इतका वेळ बघत राहिल्या, की चंद्रभान कंटाळून दुकानात परत गेला.

"भाऊ, या," त्या शेवटी म्हणाल्या आणि भिंग मला दिलं.

निगेटिव्हवर उजेडाचा ठिपका काळा दिसतो. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत तो होता, टाचणीच्या टोकाएवढा, काठापासून काठापर्यंत स्पष्ट. पापणीचे केस मोजता येत होते. कान जरासा पुसट होता.

सुलाबाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि कडेला खूण केली. मग दुसरी निगेटिव्ह काचेवर ओढली. अजून सोळा चेहरे बघायचे होते.